टेबलावरचे युद्धखेळ : नवा खेळाडू दुसऱ्या रविवारी का येत नाही?

फासेवाला (धागाकर्ता)

पुण्यात आम्ही काही जण गेली काही वर्षे दर रविवारी दुपारी एका भाड्याच्या सभागृहात जमून टेबलावरचे युद्धखेळ खेळतो. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधारण इंचभर उंचीचे सैनिक आपण स्वतः जोडायचे आणि रंगवायचे, टेबलावर टेकड्या, घरे आणि झाडे मांडायची, अंतर टेपने मोजायचे आणि गोळी लागली की नाही ते फाशांवर ठरवायचे. आमच्याकडे मुख्यतः दूरच्या भविष्यातल्या काल्पनिक युद्धांचा वॉरहॅमर ४०,००० चालतो, अधूनमधून दुसऱ्या महायुद्धावरचा बोल्ट ॲक्शन मांडला जातो आणि दोघे-तिघे जुन्या ऐतिहासिक लढायांचे भक्त आहेत.

माणसे येत नाहीत अशी आमची तक्रार नाही. माणसे येतात, टेबले पाहून हरखतात, भरपूर फोटो काढतात आणि एक डाव खेळतातही. पुढच्या रविवारी मात्र ती दिसत नाहीत. मागच्या पावसाळ्यात अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी आला होता. मी माझ्या कपाटातली दोन हजार पॉइंटांची फौज (प्रत्येक तुकडीला ताकदीनुसार पॉइंट असतात, त्यांची बेरीज म्हणजे फौजेचा आकार) त्याला दिली आणि समोर आमचा एक जुना, अनुभवी सदस्य बसवला. त्या सदस्याने काहीही वावगे केले नाही, उलट प्रत्येक नियम शांतपणे समजावून सांगितला. पण पहिली पाळी त्याच्याकडे गेली आणि त्या मुलाने हातात फासा घेण्याआधीच त्याची एक तृतीयांश फौज टेबलाच्या कडेला जाऊन पडली. साडेतीन तासांनी डाव संपला तेव्हा मुलगा हसून म्हणाला, "मजा आली, येतो." आपल्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, त्यामुळे तो कायमचा गेला आहे हे कळायला मला महिना लागला.

अशा क्लबांचा अनुभव असलेल्यांनी, आणि विशेषतः असा क्लब सोडून गेलेल्यांनी, आपले मत सविस्तर मांडावे ही विनंती.

लेस्टरकर

मी इंग्लंडच्या मध्य भागात राहतो. आमचा क्लब आठवड्यातून एका संध्याकाळी चर्चच्या सभागृहात भरतो, टेबलाचे भाडे म्हणून प्रत्येक जण दारातल्या डब्यात थोडे पैसे टाकतो आणि साडेदहाला पहारेकरी किल्ल्या वाजवू लागला की अर्धवट डाव आवरावे लागतात. वॉरहॅमर बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपचे मुख्यालय शेजारच्या नॉटिंगहॅममध्ये आहे, तेव्हा आमच्याकडे नव्या माणसांचा तुटवडा कधीच नसतो. तरीही आपण वर्णन केलेला मुलगा माझ्या ओळखीचा आहे. इथे त्याचे आडनाव वेगळे असते एवढेच.

माझ्या मते चूक दोन हजार पॉइंटांची होती. तो डाव ४४ इंच बाय ६० इंचांच्या टेबलावर खेळला जातो आणि ज्याला खेळ येतो त्यालाही त्यात तीन तास सहज लागतात. ही अडचण कंपनीलाही उमगलेली आहे. वॉरहॅमर ४०,००० च्या २०२३ सालच्या दहाव्या आवृत्तीबरोबर आलेला कॉम्बॅट पेट्रोल हा प्रकार ४४ बाय ३० इंचांवर, म्हणजे बरोबर निम्म्या टेबलावर, एका पेटीतल्या फौजेने खेळतात. त्याच कंपनीच्या एज ऑफ सिग्मार या दुसऱ्या खेळात २०२४ साली स्पिअरहेड हा छोटा प्रकार आला. त्याला ३० बाय २२ इंचांचा पट पुरतो आणि चार फेऱ्यांत निकाल लागतो. ऐतिहासिक खेळांत ही सोय फार पूर्वीपासून आहे. १९९० साली निघालेल्या, प्राचीन लढायांसाठीच्या डीबीए नियमावलीत दोन्ही बाजूंना मोजून बारा पट्ट्या (प्रत्येकीवर काही सैनिक चिकटवलेले) असतात आणि तासाभरात डाव संपतो.

लंडनला दरवर्षी सॅल्यूट नावाचे युद्धखेळांचे मोठे प्रदर्शन भरते. तिथे अनेक क्लब येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी खास टेबल मांडतात. फौजा त्यांच्याच असतात, नियम कागदाच्या एका पानावर बसवलेले असतात आणि कोणीही अनोळखी माणूस उभ्याउभ्या अर्धा तास खेळून पुढच्या टेबलाकडे जाऊ शकतो. मी स्वतः अशा एका टेबलावर नेपोलियनच्या काळातली घोडदळाची एक तुकडी पंचवीस मिनिटांत संपूर्ण गमावली होती आणि तरीही रांगेत दुसऱ्यांदा उभा राहिलो होतो. साडेतीन तासांनी हरलो असतो तर पुन्हा उभा राहिलो नसतो.

कच्चा_लिंबू

धागाकर्त्यांनी सोडून गेलेल्यांना विचारले आहे, म्हणून लिहिते. मी दुसऱ्या एका शहरातल्या अशाच क्लबमध्ये दोनदा गेले आणि तिसऱ्यांदा गेले नाही. माझे कारण मात्र लेस्टरकर म्हणतात त्याहून वेगळे होते. मला मोठा डाव आवडला होता. हरल्याचेही काही वाटले नव्हते.

पहिल्या दिवशी मी येणार हे कोणीतरी आधी कळवले होते, त्यामुळे माझ्यासाठी डाव ठरलेला होता. (मला सोडायला आलेल्या धाकट्या भावाला तिघांनी "कोणती फौज खेळतोस?" असे विचारले आणि मला कोणीच विचारले नाही, पण ते सोडून देऊ.) घरी येऊन मी रात्री एकपर्यंत नियम वाचत बसले. मला व्हॉट्सॲप गटात घेतले होते. गुरुवारी मी तिथे लिहिले, "या रविवारी माझ्याबरोबर कोणी खेळेल का?" संदेश अनेकांनी वाचल्याचे दिसत होते, उत्तर मात्र कोणाचेच आले नाही, खाली कोणत्या तरी तोफेच्या पॉइंटांवरून चाललेला वाद तेवढा पुढे सरकला. तरी रविवारी गेले. सर्व जोड्या बुधवारीच ठरलेल्या होत्या. सगळे आपुलकीने बोलले, एकाने चहा आणून दिला, दुसऱ्याने "आज बघ, बघून पुष्कळ शिकता येते" असे सांगितले. मी दोन तास एका टेबलाशी उभी राहून टेपचे दुसरे टोक धरले आणि घरी आले.

यात वाईट वागलेला एकही माणूस नाही, हे मुद्दाम सांगते. लग्नघरात सगळे कामात असतात आणि दूरच्या पाहुण्याला कोणाशी बोलावे ते कळत नाही, तसे ते होते. पहिल्या दिवशी पाहुण्याचे स्वागत होते, दुसऱ्या दिवशी तो पाहुणा राहत नाही आणि घरचाही झालेला नसतो. आपण सर्व जण पहिल्या डावाची चर्चा करत आहात. मला विचाराल तर दुसऱ्या डावाची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवावे.

तोफखाना

माझे मत कदाचित रुचणार नाही, तरी लिहितो. मी आठवड्याचे सहा दिवस नोकरी करतो. रविवारचा एक डाव ही माझी एकमेव चैन आहे आणि तोही घरच्यांकडून मागून घ्यावा लागतो. वॉरहॅमर ४०,००० ची नवी आवृत्ती २०१७, २०२० आणि २०२३ अशी दर तीन वर्षांनी आली आणि प्रत्येक वेळी फौजेचे अर्धे गणित नव्याने मांडावे लागले. स्पर्धा जवळ आली असताना तोडीचा प्रतिस्पर्धी सोडून मी दर रविवारी कोणाला तरी फासे कसे टाकायचे ते शिकवत बसावे, ही अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही.

दुसरे असे की नव्या माणसाला लिंबूटिंबू करण्याचा मोह टाळावा. लहानपणी धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचे पण त्याच्यावर राज्य आणायचे नाही, ही पद्धत मुलांत ठीक होती. तिशीतल्या माणसाला आपण मुद्दाम चुकीची चाल करून जिंकू दिले तर ते त्याला दुसऱ्याच फेरीत समजते आणि ते हरण्यापेक्षा अधिक बोचते. धागाकर्त्यांच्या गोष्टीतल्या त्या जुन्या सदस्याने पूर्ण ताकदीने खेळून त्या मुलाचा मानच राखला, असे मी म्हणेन.

फासेवाला

तोफखाना यांस : तो जुना सदस्य आपणच आहात हे इथे कोणालाही माहीत नव्हते, आता झाले. आपल्या पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे आणि त्याचे उत्तर माझ्याकडे तूर्त नाही.

पंचबुवा

मी क्लबमधल्या त्या दोन-तीन ऐतिहासिक भक्तांपैकी एक. दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचून मला वाटते की आपण एक गोष्ट गृहीत धरून चाललो आहोत, ती ही की खेळायचे असेल तर खेळाडूला नियम आले पाहिजेत. या छंदाच्या आरंभीच तसे नव्हते.

प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने वडिलांच्या कल्पनेवर काम करून १८२४ साली युद्धखेळाची जी नियमावली सिद्ध केली, तिच्यात दोन्ही बाजूंचे खेळाडू पंचाला फक्त हुकूम देत. ठोकळे किती सरकले, किती माणसे पडली, शत्रू दिसला की नाही, हे सर्व पंच नकाशावर मोजून आणि फासे टाकून ठरवी. पुढे नियमांचे ओझे इतके वाढले की पंचही कंटाळले, आणि १८७६ साली फेर्दी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने बहुतेक तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर सर्व सोपवावे, असा मार्ग सुचवला. तेव्हा खेळाडूला काय यायला हवे होते? समोरचा मुलूख पाहून काय करावे ते सुचणे, एवढेच.

मी याचा प्रयोग असईच्या लढाईवर करू इच्छितो. २३ सप्टेंबर १८०३ ची ही लढाई आजच्या जालना जिल्ह्यात झाली. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचे संयुक्त सैन्य केळणा नदीच्या उत्तरेला उभे होते. पुढे ज्याने वॉटर्लू जिंकली आणि जो वेलिंग्टनचा ड्यूक झाला, तो आर्थर वेलस्ली तेव्हा चौतीस वर्षांचा होता आणि त्याचे सैन्य संख्येने फार लहान होते. वाटाड्यांनी सांगितले की नदी पायी ओलांडता येईल असा उतार जवळ नाही. वेलस्लीला दोन काठांवर जवळजवळ समोरासमोर दोन गावे दिसली आणि त्याने तर्क केला की अशी गावे असतील तर त्यांच्यामध्ये जाण्या-येण्याची वाट असणारच. तर्क खरा ठरला. केळणा ओलांडून तो केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात मराठी सैन्याच्या डाव्या बगलेवर आला. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनानी पोलमन याने मात्र आपली रांग त्याच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ चपळाईने वळवली, आणि तोफांनी पुढे जी नासधूस केली तिच्यामुळे इंग्रजांची मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ माणसे खर्ची पडली. लढाई त्यांनी जिंकली, पण वेलस्ली म्हातारपणीही या दिवसाला आपल्या कारकिर्दीत वरचे स्थान देत असे.

आता नव्या माणसासाठी यातले सौंदर्य पाहा. टेबलावर दोन निळ्या पट्ट्या म्हणजे नद्या, मातीची चार घरे म्हणजे असई, आणि फौजा म्हणजे लाकडी ठोकळे. नव्या खेळाडूला मी शिंद्यांचा तोफखाना देईन. तोफा जागच्या हलवायच्या नसतात, म्हणून चालण्याचे नियम त्याला लागतच नाहीत. त्याला मी एवढेच विचारीन, "इंग्रजांचे लाल पायदळ सहाशे पावलांवर आले आहे. आता मारा करणार, की आणखी जवळ येऊ देणार?" त्याने उत्तर द्यावे, फासे टाकावेत, आणि बाकीचा हिशेब माझा. तोफांवरून शत्रू पुढे निघून गेल्यावर मेल्याचे सोंग घेतलेल्या गोलंदाजांनी उठून पाठीमागून पुन्हा मारा केला, असे या लढाईच्या वृत्तांतांत येते. ती संधीही मी त्याच खेळाडूला देईन, पण त्याने विचारले तरच. समोर वेलस्ली म्हणून तोफखाना यांनी बसावे आणि पूर्ण ताकदीने खेळावे. लिंबूटिंबू करण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण पोलमनच्या तोफांना कोणाच्याही सवलतीची गरज नव्हती.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. पंच बडबड्या असेल तर तोच सगळा डाव खेळतो. मी बडबड्या आहे. माझ्या शेजारी कोणीतरी घड्याळ घेऊन बसावे.

रंगपेटी

खर्चाविषयी कोणीच बोलले नाही, म्हणून दोन शब्द. भारतात खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर गेले. परदेशातून फौजेची पेटी मागवली आणि ती खेळणे म्हणून मोजली गेली, की तिची किंमत घरी सांगता येत नाही. नवा माणूस पहिल्या दिवशी टेबलावर अशा पंधरा-वीस पेट्यांची बेरीज पाहतो आणि मनातल्या मनात गणित करून गप्प होतो. आता त्रिमितीय छपाईमुळे परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. वन पेज रूल्ससारखे मूळ नियम फुकट मिळतात आणि त्यांत कोणत्याही कंपनीचे सैनिक चालतात. तरी हे त्याला कोणीतरी आपणहून सांगावे लागते.

आमच्याकडे रंगकामाचे वेगळे टेबल आहे. तिथे नव्या माणसाला एकच सैनिक आणि तीन रंग देतो आणि तासाभरात झालेला सैनिक त्याला घरी नेऊ देतो. माझे आजोळ पेणचे. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारे हात मी लहानपणापासून पाहिले आहेत, त्यामुळे 'डोळे शेवटी' हा तिथला नियम इथे उलटा आहे हे शिकायला मला फार त्रास झाला. इंचभर सैनिकाचे डोळे आधी रंगवून मग भोवतीचा चेहरा नीट करणे पुष्कळांना सोपे जाते. शिवाय दिवाळीत अंगणात किल्ला करून त्यावर मावळे मांडलेला माणूस टेबलावरचा मुलूख बनवायला शिकवावा लागत नाही. त्याला पोते, माती आणि हळीव यांच्याऐवजी थर्माकोल, वाळू आणि डिंक द्यायचा, एवढाच फरक. नव्यांना टेकडी करायला सांगून पाहा. स्वतः केलेली टेकडी टेबलावर कशी दिसते ते पाहायला माणूस परत येतोच.

तोफखाना

वेलस्ली म्हणून बसायला तयार आहे. कच्चा_लिंबू यांच्या प्रतिसादाविषयी एक कबुली द्यायची आहे. बुधवारी जोड्या ठरवणारा माणूस आमच्या क्लबात मीच आहे. गटात नव्यांचे संदेश मी वाचतो आणि दुसरे कोणीतरी उत्तर देईल असे समजून पुढे जातो. दुसरे सर्व जणही बहुधा तसेच समजत असावेत.

फासेवाला

दीड महिन्याने लिहीत आहे, कारण प्रयोग केल्याशिवाय लिहिण्यात अर्थ नव्हता.

आधी फसलेले सांगतो. कॉम्बॅट पेट्रोलचे छोटे टेबल आम्ही दाराशी मांडले. तिथे दोन रविवार नवे लोक एकमेकांशीच खेळले, दोघांनाही नियम येत नव्हते आणि एका डावात कोणाची पाळी आहे यावरून दहा मिनिटे गेली. छोटा डाव हवा हे लेस्टरकर यांचे म्हणणे योग्यच आहे, पण त्या टेबलावर जाणता माणूस असेल तरच. रंगकामाच्या टेबलावरून दोघे कायमचे सदस्य मिळाले, मात्र ते दोघेही फक्त रंगवतात आणि 'खेळणार का?' म्हटले की ब्रश धुवायला उठतात. माझी हरकत नाही. माझी फौज प्रथमच पूर्ण रंगलेली आहे.

असईचा डाव आम्ही दोनदा मांडला. दोन्ही वेळा पंचबुवांचे बोलणे घड्याळ लावून आवरावे लागले. पहिल्या डावात बँकेत काम करणाऱ्या एका नव्या बाईंनी शिंद्यांचा तोफखाना सांभाळला आणि लाल पायदळ इतके जवळ येऊ दिले की आम्ही बघणारे अस्वस्थ झालो. मग एका फेरीत तोफखाना यांचे अर्धे पायदळ गेले. ते पडलेले फासे बराच वेळ बघत बसले. बाईंनी विचारले, "पुढच्या रविवारी उजवी बाजू बदलून बघता येईल का?" हा प्रश्न नव्या माणसाच्या तोंडून मी या सभागृहात पूर्वी कधी ऐकला नव्हता.

कच्चा_लिंबू यांच्या सूचनेवरून एक वही ठेवली आहे. नवा माणूस निघण्याआधी पुढच्या रविवारचा त्याचा डाव, वेळ आणि समोरच्या सदस्याचे नाव तिच्यात लिहिले जाते. प्रत्येक जुन्या सदस्याच्या वाट्याला दोन महिन्यांतून एकच रविवार येतो, त्यामुळे तोफखाना यांची मूळ तक्रारही बरीचशी मिटली. जोड्या आता शनिवारी रात्री पक्क्या होतात.

आणि शेवटी मी ते केले जे आधीच करायला हवे होते. पावसाळ्यात आलेल्या त्या विद्यार्थ्याला फोन केला. मला वाटले होते की तो हरल्यामुळे खट्टू झाला असेल. तो म्हणाला, "काका, मला वाटले स्वतःची फौज घेतल्याशिवाय परत यायचे नसते. मी पैसे साठवतोय." तुझ्यासाठी दिलेली फौज कपाटात तशीच आहे, असे मी सांगितले तेव्हा तो क्षणभर गप्प झाला. ही एक ओळ सांगायला मला तीन महिने लागले होते. येत्या रविवारी चार वाजता त्याचे नाव वहीत आहे, एक हजार पॉइंट, समोर तोफखाना.

तोफखाना

पहिली पाळी त्याची राहील, असे दोघांत ठरले आहे. त्याने मागितली नव्हती; मी फौज उघड्यावर मांडून पाहणार आहे, तोफांसमोर पहिली पाळी दिल्यावर मागच्या वेळी त्याला काय वाटले असेल ते. पंचबुवा, जुई नदीचे निळे कापड माझ्या गाडीत राहिले आहे, रविवारी घेऊन येतो.